सुरी माशासाठी नाही, जाळ्यासाठी

पोस्ट लांब आहे. पण पाणी निवळायच्या आत लिहून टाकतो, कारण एकदा का ऑक्टोबर उजाडला की कुणी वाचत बसत नाही, सगळे थेट पाण्यात.

दरवर्षी या दिवसांत चार-पाच पोरांचे मेसेज येतात. "दादा, डायव्हिंगला सुरी कुठली घेऊ?" सोबत फोटो. फोटोतली सुरी हातभर लांब, पाठीला करवत, मुठीत होकायंत्र, टोक असं की रेडा आडवा व्हावा. किंमत तीन-चार हजार. मी साधं उत्तर देतो आणि पोरं हिरमुसतात. म्हणून या वेळी एकदाच सविस्तर लिहितो, कारण मीही तशीच सुरी घेतली होती आणि गेल्या नोव्हेंबरात तिच्यामुळेच जायची वेळ आली होती.

निवतीच्या पुढच्या खडपात होतो. खोली पाच वाव, म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. एक बरी तांबोशी कपारीत शिरली, मी तिच्या मागे वाकलो. कपारीच्या तोंडाशी जुनं जाळं होतं. शेवाळ धरलेलं, खडकाच्याच रंगाचं, मला दिसलंच नाही. मागे सरकलो तेव्हा उजवा पाय ओढला गेला. आणि ओढला कशाने? माझ्याच सुरीच्या मुठीने. मी ती पोटरीच्या बाहेरच्या अंगाला बांधली होती, सिनेमात बांधतात तशी. मुठीची बाहेर आलेली कड जाळ्याच्या डोळ्यात बसली, मी पाय झटकला, आणखी दोन डोळे फिनच्या टोकात गेले. सुरी काढायला वाकलो तर मूठ जाळ्याखाली. म्हणजे जाळं कापायला सुरी हवी आणि सुरी काढायला आधी जाळं कापायला हवं!

माझा जोडीदार वर तोंड बुडवून बघत होता. (आम्ही एक खाली, एक वर हा नियम मोडत नाही. त्या दिवशी मोडला असता तर ही पोस्ट नसती.) मी वेळेत वळलो नाही हे बघून तो खाली आला. त्याच्या पट्ट्याला पुढे, पोटापाशी, बाजारातली साठ रुपयांची फळं कापायची सुरी होती. पीव्हीसी पाइपचा तुकडा चपटा करून केलेलं म्यान. तीन दोरे कापले, मी सुटलो. वर आल्यावरही तो अर्धा मिनिट माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत आणि पृष्ठभागावर आल्यावरच्या पहिल्या काही श्वासांत शुद्ध हरपायचा धोका सर्वात जास्त. खाली झटापट करून प्राणवायू संपवलेला माणूस सुटतो खरा, पण वर येताना जातो. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं अवलंबून आहे.

होडीवर बसल्यावर वाडीतले एक काका, जे आम्हाला घेऊन गेले होते, माझ्या पोटरीकडे बघून म्हणाले, "पायाक कशाक बांधलंस रे ती? पायच गावलो जाळ्यात तर काय करशीत?" चाळीस वर्षं गिलनेट टाकणाऱ्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागलं नाही.

तर, सुरी कशासाठी हे आधी ठरवा. लोकांच्या डोक्यात मासा असतो, शार्क असतो. आपल्या किनाऱ्यावर श्वास रोखून बुडणाऱ्याला खरा धोका असतो तो तंगूसाचा, जाळ्याचा, तुटलेल्या गरीच्या दोरीचा आणि स्वतःच्याच भाल्याच्या दोरीचा. टाकी लावलेल्या डायव्हरला अडकल्यावर थांबून विचार करायला हवा असते. आपल्याकडे छातीत असते तेवढीच. काम करत असताना एका बुडीला मिनिट, सव्वा मिनिट. त्यातलं अर्धं खाली पोचण्यात आणि बघण्यात गेलेलं असतं. सुरी शोधायला, बटण उघडायला, हात बदलायला जे दहा सेकंद जातात ते कुठल्याच पोलादाने भरून येत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा, सुरीचा नंतर. दोन्ही हातांनी पोचता येईल अशी जागा म्हणजे पोट किंवा छाती. डाव्या दंडावर बांधली तर डावा हात अडकल्यावर उजव्याने काढता येते, पण उजवा अडकला तर डाव्याने डाव्या दंडावरची कशी काढणार? पायाला बांधायचीच असेल तर पोटरीच्या आतल्या अंगाला, मूठ वर. मी मात्र आता पायाला बांधतच नाही. पट्ट्याला बांधता तेव्हा एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वजनाचा पट्टा हा गरज पडली तर एका झटक्यात सोडून द्यायची वस्तू आहे. सुरी त्याच पट्ट्यावर असेल तर शिशाबरोबर तीही तळाला जाते. वेगळी हलकी रबरी पट्टी घ्या. सायकलच्या ट्यूबच्या दोन रिंगा पुरतात, आणि परदेशी म्यानाबरोबर येणाऱ्या रबरापेक्षा त्या आपल्या उन्हात जास्त टिकतात, हा माझा अनुभव.

लांबी? पातं तीन-चार इंच, बास. मोठ्या सुरीने जाळ्यात काम करून बघा, टोक कुठेतरी तिसरीकडेच घुसलेलं असतं. टोकाबद्दल मात्र भांडण आहे आणि ते खरं आहे. भाल्याने मारलेला मासा तडफडत ठेवायचा नाही, मेंदूत टोक घालून लगेच संपवायचा. जपानी लोक याला इकेजिमे म्हणतात. मांसही त्याने चांगलं राहतं. त्याला अणकुचीदार टोक लागतं. पण तेच टोक घाईत स्वतःच्या मांडीत किंवा जोडीदाराच्या हातात जातं. मी यावर दोन वस्तू ठेवतो: माशासाठी अणकुचीदार पातळ सुरी, ती होडीला किंवा वरच्या बोयाला. अंगावर बोथट टोकाची. तुम्ही दोन्ही कामं एकाच सुरीकडून घेणार असाल तर निदान म्यान असं हवं की टोक आत पूर्ण बंद राहील.

आता धार. घरी एक प्रयोग करा. तंगूसाचा जुना तुकडा घ्या, दोन्ही टोकं ओढून ताणा आणि सुरी नुसती टेकवा. कट. आता तोच तुकडा ढिला सोडा आणि एका हाताने कापून दाखवा. साधी गुळगुळीत धार घसरत राहते. जाळ्यात अडकल्यावर काही दोरे ताणलेले असतात, बाकी सगळे ढिले, अंगाभोवती तरंगत. ढिल्यासाठी दातेरी धार हवी, किंवा आकड्यासारखी खाच, ज्यात दोरा धरून ओढता येतो. जाड विणलेली प्लास्टिकची दोरी असेल तर साधी सुरी हात टेकते. तिथे दाते किंवा औषधाच्या पेटीत असते तशी बोथट टोकाची मजबूत कात्री. ती कात्री दिसायला अगदीच किरकोळ, पण गार पडलेल्या, थरथरत्या बोटांना सुरीपेक्षा लवकर साथ देते.

पोलादाची चर्चा रात्रभर करता येईल, थोडक्यात सांगतो. आपल्या लोहाराने कमानपाट्याची केलेली सुरी धारेला जगात भारी, पण खाऱ्या पाण्यातून काढून विसरलात तर दोन दिवसांत लाल. 'स्टेनलेस' लिहिलेलीही गंजतेच. मिठातलं क्लोराइड तिला बारीक बारीक टोचे पाडतं, विशेषतः म्यानात ओली राहिली की. जी फारच कमी गंजते ती बहुधा मऊ असते आणि तिची धार लवकर जाते. टायटॅनियम गंजत नाही, पण धार धरत नाही. दातेरी असेल तर चालतं. नायट्रोजन घातलेलं एच-१ नावाचं पोलाद समुद्रात खरोखर टिकतं, पण त्याची किंमत ऐकून मी साठ रुपयांवर परत आलो. दर बुडीनंतर गोड्या पाण्यात धुवायची, पुसायची, खोबरेल लावायचं. दर हंगामाला एक टाकून द्यायची. हरवली तर रडू येत नाही, हा तिचा सर्वात मोठा गुण. आणि दोन ठेवा. एक हातातून सुटणारच.

इथवर आलात तर आता ज्यासाठी पोस्ट लिहायला बसलो ते.

गेल्या वर्षी एका नाकाबंदीत माझी पिशवी उघडली गेली. कुठे, कोण, ते महत्त्वाचं नाही; समोरचा माणूस आपलं काम करत होता. फिन, मास्क बघून हसला आणि सुरी बघून गंभीर झाला. वीस मिनिटं गेली. नंतर मी कायदा वाचला, कारण मला खरंच माहीत नव्हतं. शस्त्र नियम २०१६ मध्ये पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असलेल्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेती, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वगळल्या आहेत. म्हणजे आपली चार इंची सुरी त्या यादीत बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली, त्यात सुरे, भाले, काठ्या सगळं येतं. त्या दिवसांत हातभर लांब 'टॅक्टिकल' सुरी स्कूटरच्या डिकीत घेऊन फिरणाऱ्याची बाजू मला मांडता येणार नाही. पिशवीच्या तळाशी, म्यानात, फिनबरोबर गुंडाळलेली छोटी बोथट सुरी बघून कुणी फारसा अडवणार नाही. आदेश चालू आहे का हे मात्र निघण्याआधी बघा.

खरी गंमत पुढे आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं, २९ चौरस किलोमीटरच्या वर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्यात येतं. या हद्दीत भाल्याने मासे मारायचा प्रश्नच नाही, आणि कुणी मारत असेल तर त्याने बंद करावं, मी त्याच्या बाजूने नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३१ म्हणतं की अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायचं नाही. शस्त्र म्हणजे काय, ते त्याच कायद्याच्या व्याख्येत दिलंय: दारूगोळा, धनुष्यबाण, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फास…

परत वाचा. सुऱ्या आणि जाळी, एकाच ओळीत.

कायदा जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, हे मला समजतं. त्याच कायद्यात समुद्रातल्या अभयारण्यात स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपायला सांगितलंय, तेही योग्य आहे, आणि माझं भांडण होडीवाल्याशी नाहीच. पण अक्षरशः बघितलं तर परिस्थिती अशी: तळाला वर्षानुवर्षं पडलेलं बेवारस जाळं हे कायद्याने शस्त्र, ते रोज मासे, शेवंडं, कधी कासव मारतंय, आणि त्याला कुणी परवानगी विचारत नाही. ते कापू शकणारी चार इंची सुरी घेऊन जाणाऱ्या डायव्हरने मात्र लेखी परवानगी काढायची. परिणाम काय होतो? काही जण सुरी न घेताच उतरतात, "उगाच झंझट नको" म्हणून. पर्यटकांना घेऊन उतरणाऱ्या पोरांपैकी किती जणांच्या अंगावर कापायचं साधन असतं, हे तुम्हीच पुढच्या वेळी होडीवर बघा. ज्याच्या हातात पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला पुण्या-मुंबईचा माणूस असतो, त्याच्याकडे तर ते असायलाच हवं.

माझी मागणी छोटी आहे. बोथट टोकाचं, चार इंचांपर्यंतचं कापायचं साधन हे जीवरक्षक साहित्य आहे असं वनविभागाने एका कागदावर लिहून द्यावं. नोंदणी झालेल्या डायव्हिंग होड्यांना ती कायमची परवानगी असावी. आणि पुढे जाऊन, लाइफ जॅकेट जसं सक्तीचं, तसं पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक गाइडकडे हे साधन सक्तीचं करावं. याला बजेट लागत नाही.

यावर एक आक्षेप मला प्रत्यक्षच ऐकवला गेला: "म्हणजे तुम्ही आमची जाळी कापणार." नाही. उभं जाळं, ज्याला बोया आहे, मालक आहे, त्याच्या जवळ जायचंच नाही. चुकून अडकलात आणि जीव वाचवायला कापावं लागलं, तर वर येऊन होडी शोधा, सांगा, पैसे द्या. जाळ्याची किंमत काय असते ते मला घरातून माहीत आहे. कुणी हौसेने जाळं समुद्रात सोडून येत नाही. खडपात अडकतं, ओढताना फाटतं. नाहीतर रात्री मोठी बोट वरून जाते आणि सकाळी निम्मं जाळं गायब. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. वरच्या काठाला बोये असतात, ते त्याला उभं धरून ठेवतात. अडकलेला मासा सडतो, त्याच्या वासाने खेकडे, शेवंडं येतात, तेही अडकतात. हरवलेलं जाळं पगार न घेता मासेमारी करत राहतं, आणि तो मासा उद्या त्याच मच्छीमाराला मिळणार असतो.

मग हरवलेलं जाळं कुठे आहे हे कुणी सांगत का नाही? कारण सांगून फायदा काहीच नाही, झाला तर त्रासच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये मासेमारीच्या साहित्यावर ओळखखूण लावण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हरवलेलं साहित्य कळवण्याची सोयही धरलेली आहे. आपल्याकडेही मच्छीमार सोसायटीत एक साधी वही ठेवता येईल: कुठे, किती वाव पाण्यात, कसलं जाळं. दंड नाही, प्रश्न नाही. त्या जागा डायव्हरना कळल्या तर निम्मा धोका तिथेच संपतो. काढायचं काम मात्र टाकी लावलेल्या, शिकलेल्या लोकांचं. श्वास रोखून बेवारस जाळं काढायला जाऊ नका, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. आणि प्रवाळावर चढलेलं जाळं ओढून काढायचं नसतं, ते तुकड्यातुकड्याने कापायचं असतं, नाहीतर जाळ्याबरोबर प्रवाळही वर येतं.

सरकारला हे जमत नाही असं म्हणू नका. याच राज्याने २०१८ मध्ये ठरवलं की जाळ्यात आलेलं कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव मच्छीमाराने जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. होडीवरचा कोयता कासवासाठी चालवला तर त्याची किंमत सरकार देतं. पाण्याखालच्या माणसासाठी चालणाऱ्या सुरीला निदान नावाने ओळखावं, एवढंच मागतोय.

या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या जेटीवर मी जुनं जाळं, तंगूस, विणलेली दोरी आणि पाण्याने भरलेला ड्रम घेऊन बसणार आहे. ज्याने त्याने आपापली सुरी आणावी. डोळे बंद, एक हात पाठीमागे, ड्रममध्ये हात घालून तीन दोरे कापायचे, मोबाइलवर वेळ लावून. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. तीन-चार हजारवाल्या सुऱ्यांचं विशेष स्वागत, माझीही घेऊन येतोय. काका म्हणालेत, ते चहा घेऊन येतील.